भीतीचा ताळा

अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी लिहिणारा माणूस दाढी वाढवून स्मशानाच्या वाटेवर राहत असणार, अशी आपली एक समजूत असते. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, जन्म लेजरच्या पानांत गेलेला. त्यामुळे मला प्रश्न पडतात ते दोनच : हे त्याला शिकवलं कुणी? आणि पैसे किती मिळाले?

एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन गृहस्थाच्या बाबतीत दोन्हींची उत्तरं सापडतात. १८३१ साली त्याने फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत कथा धाडल्या. बक्षीस दुसऱ्यालाच गेलं. याच्या पाच कथा मात्र त्यांनी पुढल्या वर्षी छापल्या. १८३३ मध्ये बाल्टिमोरच्या एका साप्ताहिकाने अखेर ५० डॉलर हातावर ठेवले. खिसा कायम फाटका. ज्याला लेखणीवर पोट भरायचंय, त्याला प्रतिभेची वाट बघत बसणं परवडत नाही.

१८३५ साली त्याची ‘बेरेनिस’ रिचमंडच्या मासिकात आली. होणाऱ्या बायकोच्या दातांनी नायक असा झपाटतो, की तिला पुरल्यावर थडगं उकरून ३२ च्या ३२ दात काढून आणतो. आणि बाई अजून जिवंत! मासिकाचे मालक टॉमस व्हाइट हादरले. पोने उत्तर लिहिलं : विषय भयंकरच आहे, पुन्हा इतकं करणार नाही, पण मासिकांची नावं अशाच गोष्टींनी होतात, तेव्हा परिणाम टीकेवरून नव्हे, खपावरून मोजावा. माफीच्या पाकिटातच बिल घातलं म्हणायचं!

त्याची शाळा म्हणजे एडिंबरोचं ‘ब्लॅकवुड्स’ मासिक. १८१७ साली निघालेलं. १८२१ मध्ये त्यात एक कथा आली होती : चर्चच्या प्रचंड घंटेखाली एक माणूस सापडतो, वर घंटा दणाणत राहते आणि तो बिचारा आपल्याला काय काय वाटलं ते सांगतो. पोने ही पद्धत पुरती घोटली आणि १८३८ साली तिचीच टिंगल लिहिली. तीत एक लेखिकाबाई थेट ब्लॅकवुडसाहेबांकडे शिकवणीला जातात. साहेब सांगतात, कुणी सापडलं नसेल अशा संकटात सापडा आणि काय वाटतंय ते टिपून ठेवा. बाई आज्ञाधारक. मनोऱ्यावर चढून घड्याळाच्या तबकडीतल्या भोकातून डोकं बाहेर काढतात. मिनिटकाटा मानेवर उतरू लागतो. डोळा निखळून पन्हळीत पडतो आणि तिथून मालकिणीकडेच डोळे मिचकावतो. बाईंचं टिपण चालूच!

आता गंमत बघा. चारच वर्षांनी, १८४२ साली, पोने ‘द पिट अँड द पेंड्युलम’ लिहिली. पुन्हा वरून हळूहळू उतरणारं पातं, पुन्हा खाली अडकलेलं माणूस. या खेपेला हसायची कुणाची टाप नाही. त्याच वर्षी हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना त्याने आपला हिशेबही मांडला : कथा अर्ध्या ते दोन तासांत, एका बैठकीत संपावी, कोणता परिणाम साधायचा ते आधी ठरवावं आणि पहिल्या वाक्यापासून सगळं त्याच खात्यात जमा व्हावं. वरच्या बाईंनी फक्त संकट जमवलं होतं, खातंच उघडलं नव्हतं.

माझ्या मते त्या कथेतली खरी भीती पात्यात नाही, आकडेमोडीत आहे. टोलेडोच्या तुरुंगात, मिट्ट काळोखात कैदी भिंतीच्या कडेने पावलं मोजतो. ५२ झाल्यावर कोसळतो. शुद्धीवर आल्यावर आणखी ४८ मोजतो. एकूण १००, दोन पावलांचा एक यार्ड, म्हणजे घेर ५० यार्ड. पुढे उजेड येतो, तर खोली जेमतेम २५ यार्डांची! उठल्यावर तो उलट्या दिशेने चालला होता. एकच व्हाउचर दोनदा पोस्ट झालेलं.

पोने हे दोन-चार ओळींत उरकलंय. संध्याकाळी साडेसहा वाजले, कॅश टॅली लागत नाही आणि बाकीचे डबे उचलून निघालेत, अशा वेळी ज्याने काळ कंठलाय त्याला त्या ओळींशी थबकावंच लागतं. मी ते पान तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा माजघरातला दिवाही लावून.