पाणमोट : दोष कोणाचा?

'पाणमोट' हा शब्द आता दवाखान्यात फारसा ऐकू येत नाही. तिथे 'पाणी गेले' एवढेच म्हणतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमधल्या आज्यांच्या तोंडी मात्र तो अजून सापडतो. गर्भाभोवतीची पाण्याने भरलेली पातळ पिशवी म्हणजे पाणमोट. कळा सुरू झाल्यावर ती फुटली की बाळंतपण मार्गी लागले असे समजायचे. पण कळांच्या आधीच, त्यातही दिवस भरण्याआधी ती फुटली, तर घरात पहिला प्रश्न यायचा : हिने काय केले? भरलेला हंडा उचलला असेल, घाटाच्या पायऱ्या घाईने उतरली असेल, बैलगाडीत बसली असेल. हा आरोप बाईवर पिढ्यान्‌पिढ्या होत आला. वैद्यकाच्या इतिहासात तो कितपत टिकतो, ते पाहायचे आहे.

आपल्या जुन्या ग्रंथांना हा क्रम ठाऊक होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूती जवळ आल्याची लक्षणे सांगताना आधी कळा आणि मग गर्भोदक स्रवणे असे वर्णन आहे. सुश्रुताने सूतिकागृहात चार स्त्रिया असाव्यात असे सांगितले. त्या प्रौढ, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या हव्यात. जंतू ही कल्पना तेव्हा नव्हती, तरी नखांवर नजर गेली होती. या परंपरेकडे आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थिनीनेही वळून पाहिले. 1886 साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांतच गेले होते.

तोवर युरोपात हातांचा दोष उघड झाला होता. अॅबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी 1795 मध्येच लिहून ठेवले की, सूतिकाज्वर एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो तो डॉक्टर आणि सुइणी यांच्यामार्फत. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांच्या विभागात एप्रिल 1847 मध्ये शंभरातल्या 18 बाळंतिणी दगावल्या. शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आले. पुढे 1879 मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये या तापामागचे साखळीसारखे जंतू दाखवून दिले. यातून एक समजूत पक्की झाली : पाणमोट फुटते, दार उघडते आणि मग जंतू आत शिरतात. ती खोटी नाही. पाणी गेल्यावर वारंवार केलेल्या आतल्या तपासणीने संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर ती शक्य तितकी टाळतात.

पण दार मुळात उघडले कशाने, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मिळू लागले. दिवस भरण्याआधी पाणी गेलेल्या स्त्रियांचे गर्भजल सुईने काढून तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणींच्या गर्भजलात जंतू वाढलेले आढळले. त्यांतल्या बहुतेकींना ना ताप होता, ना दुखणे. पाणमोटेला बळकटी देते ते कोलॅजेन नावाचे प्रथिन. योनिमार्गातून जंतू वर चढले की शरीर प्रतिकार करते, दाह निर्माण होतो. त्या दाहात सुटणारी विकरे कोलॅजेन तोडतात आणि पडदा विरत जातो. म्हणजे कित्येकदा संसर्ग आधीचा आणि फुटणे नंतरचे. जुळी मुले, गर्भजलाचे अतिप्रमाण, गरोदरपणातला रक्तस्राव, तंबाखूचा धूर अशी इतर कारणेही आहेत. अनेकदा कोणतेच कारण हाती लागत नाही.

हा मूक संसर्ग येतो कुठून? याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या 650 स्त्रिया तपासल्या आणि 1989 मध्ये निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्या आजारांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया मात्र फक्त 8 टक्के. हा अभ्यास पाणमोटेवरचा नव्हता. पण अंगावर काढलेली दुखणी घेऊनच आपल्या बायका गरोदर होत असत, हे त्याने आकड्यांत मांडले.

उपचारही सरळ नाहीत. 'ऑरॅकल' या मोठ्या चाचणीत दिवस भरण्याआधी पाणी गेलेल्या 4826 स्त्रिया होत्या. 2001 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार एरिथ्रोमायसिनने नवजात बाळांना काही फायदा झाला. को-अॅमॉक्सिक्लॅव्हने मात्र बाळांच्या आतड्यांचा एक गंभीर आजार वाढला. जंतू मारणारे प्रत्येक औषध बाळाच्या हिताचे असतेच असे नाही. 2015 मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली. गर्भाशयातला दाह, संसर्ग किंवा दोन्ही, असे वेगळे सांगणारे नवे नाव तिथे सुचवले गेले. कारण संसर्गाशिवायही दाह असू शकतो, आणि नुसता ताप म्हणजे संसर्ग नव्हे.

आज पंचवटीतल्या गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, म्हसरूळला 1998 साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. सुश्रुताची नखे आणि पाश्चरचे जंतू या दोन्हींचे धडे इथे एकाच गावात शिकता येतात. घराघरांतला प्रश्न मात्र अजून जुनाच ऐकू येतो. तो बदलायला हवा. 'हिने काय केले' याऐवजी विचारावे : अंगावरून पांढरे जात होते, लघवीला जळजळत होते, तेव्हा तिला कोणी दवाखान्यात नेले? आणि कळांवाचून पाणी गेले, तर किती वाजता गेले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठायचे असते. पहिल्याचे उत्तर घरातल्या सर्वांनी मिळून द्यायचे आहे.