पुण्याच्या परसातील तांबडा भोपळा

मराठीत नुसता ‘भोपळा’ हा शब्द कोणत्या फळाचा वाचक आहे, याचे एकच उत्तर देता येत नाही. आज मंडईत या शब्दासरशी तांबडे, फोडी करून विकले जाणारे फळ डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु जुन्या यादीत वा जमाखर्चात ‘भोपळा’ आढळला म्हणजे तो तांबडाच, असे समजणे हे घाईचे अनुमान होय. पुण्याच्या वाड्यांमागील परसात दुध्या, तांबडा आणि कोहळा हे तीन वेल शेजारीशेजारी वाढत आले. त्यांतील दोन फार जुने आणि एक परका आहे. हा परका इतका घरचा कसा झाला, हे नुसत्या वनस्पतिशास्त्रावरून उलगडत नाही. त्यासाठी परसाकडे आणि त्या परसावर चाललेल्या कुळधर्माकडेही पाहिले पाहिजे.

कोहळ्याची वंशावळ शब्दातच दिसते. संस्कृत ‘कूष्माण्ड’पासून हा शब्द आला. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘कोहंडी’ व ‘कोहली’ ही मधली रूपे नोंदविली आहेत. दुध्याचे पूर्वज ‘अलाबु’ व ‘तुंबी’. त्यांपैकी अलाबूच्या पात्राचा उल्लेख अथर्ववेदात येतो. खाण्यापेक्षाही पात्र, वीणेचा तुंबा आणि नदी ओलांडण्याची सांगड या नात्यांनी हे फळ समाजात अधिक वावरले.

तांबडा भोपळा मात्र अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांताच्या एका गुहेत या कुळातील लागवडीच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी हे कूळ भारतात नव्हते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या दर्यावर्दी व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर उतरले असावे, असे सामान्यतः मानतात.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. बटाटा, अननस, काजू, पपई ही त्याच वाटेने आलेली मंडळी आपली नावे बरोबर घेऊन आली. तांबड्या भोपळ्याने तसे केले नाही. मिरची जशी मिरीच्या नावाखाली घरात शिरली, तसा हा वेल भोपळ्याच्या नावाखाली शिरला. ‘तांबडा’ हे विशेषण तेवढे त्याच्या परकेपणाची खूण म्हणून उरले. ज्या वस्तूसारखे काही आधीच दारात होते, तिला नव्या नावाची गरज भासली नाही, असे यावरून म्हणता येते. याबद्दल मराठी माणसाला हसण्याचे कारण नाही. खुद्द लिनीअसने १७५३ मध्ये दुध्याला ‘कुकुर्बिटा’ या अमेरिकन भोपळ्यांच्याच प्रजातीत बसविले होते. त्याची स्वतंत्र प्रजातीत नीट व्यवस्था लागून आजचे नाव रूढ झाले ते १९३० मध्ये!

परसातील बाईची दृष्टी या बाबतीत अधिक सूक्ष्म होती. दुध्याचे पांढरे फूल तिन्हीसांजेला उमलते आणि रात्री पतंग त्यावर येतात. तांबड्याचे पिवळे फूल पहाटे उमलून उन्हे चढताच मिटते. म्हणून फळ धरत नसेल तर नरफुलाचा पराग मादीफुलाला लावण्याचे काम एकाचे सकाळी व दुसऱ्याचे संध्याकाळी करावे लागते. बुडाशी इवलेसे फळ असते ते मादीफूल. आरंभी नरफुलेच येतात व गळतात, त्याने घाबरून जाण्याचे कारण नसते. बी लावायचे मृगाच्या पावसावर, शेणखत व राख घालून केलेल्या आळ्यात. पानांवर लाल भुंगेरे आले तर दव असतानाच राख धुरळायची. दुध्याला मांडव द्यायचा. तांबडा जड, त्यामुळे तो जमिनीवर किंवा न्हाणीच्या छपरावर सोडायचा.

न्हाणीचा उल्लेख सहज आलेला नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७४०–१७६१) कात्रजच्या तलावांचे पाणी नळांनी शहरातील हौदांत आले. तरी त्या पाण्यावर भाजीचे मळे शहराबाहेरच पिकले. वाड्याच्या परसाला मिळे ते आडाचे आणि न्हाणीतून वाहून येणारे सांडपाणी. तेवढ्यावर, नांगर न लागता, दोन हात रुंद आळ्यात येईल असेच पीक तेथे शक्य होते. भोपळवर्गी वेल या अटीत नेमका बसतो.

तांबड्या भोपळ्याला धर्माचे दार उघडले तेही याच अटीने. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य असते. त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत अळू, पडवळ, दोडका यांच्या जोडीला तांबडा भोपळा अनेक घरांत निःशंकपणे पडतो. व्रताचा प्रश्न ‘हे फळ कोणत्या देशाचे’ असा नव्हता. ते कसे पिकले, एवढेच व्रत विचारत होते. उपवासाला चालणाऱ्या पदार्थांतही त्याने बटाट्याच्या व रताळ्याच्या शेजारी जागा मिळविली.

मात्र बळीच्या जागी त्याला प्रवेश मिळाला नाही. तेथे कूष्माण्डच हवा, कारण तेथे प्रश्न फळाच्या जातीचा असतो. मुहूर्ताचे सांडगे कोहळ्याचे, दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगायचा तोही कोहळाच. विधीचे अधिष्ठान ग्रंथात असेल तेथे जुने फळ टिकले आणि स्वयंपाकघराच्या हाती असेल तेथे नवे आले, असा हा सरळ विभाग दिसतो. काही घरांत अखंड तांबड्या भोपळ्यावर पहिला घाव पुरुषाने घालावा असा संकेत आहे. तो मूळचा कोहळ्याचा असावा आणि नावाप्रमाणेच उसना घेतलेला असावा.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे पडले. जे राहिले त्यांच्या जागीही पुढील दशकांत इमारती उठल्या आणि परसाची जमीन फरसबंदीखाली गेली. छपरावरचा अखंड भोपळा एकदा चिरला की टिकत नाही, म्हणून त्याच्या फोडी शेजारीपाजारी वाटल्या जात. आता फोड मंडईतून वजनावर येते, आणि ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी तिच्याबरोबर ऋषीच्या भाजीचे तयार वाटेही मिळतात. ती भाजी कोणाच्या आळ्यात, बैलाविना की नांगरटीने पिकली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.