शंभर माणसांचा उंबरठा

१/ छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याने निघाले की सुमारे २० किलोमीटरवर बिडकीन लागते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी येथील ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र राष्ट्राला अर्पण करण्यात आले. येथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शेडपुढे असणारा एक प्रश्न मात्र दीडशे वर्षांचा आहे. किती माणसे कामाला असली म्हणजे कायद्याने त्या जागेला ‘कारखाना’ म्हणावे?

२/ हा प्रश्न उभा राहिला तो मुंबईच्या गिरण्यांमुळे. १८७५ साली मुंबई सरकारने त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंतचे काम आणि त्यात राबणारी लहान मुले आयोगापुढे आली. तरीही बहुसंख्य सदस्यांनी कायद्याची गरज नाकारली. तिकडे लँकेशायरचे गिरणीमालक हिंदुस्थानात कायदा व्हावा म्हणून आग्रही होते. त्यांच्या करुणेत स्पर्धेची भीती बरीच मिसळलेली होती.

३/ १८८१ चा कायदा झाला तो १०० किंवा अधिक माणसांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता. ७ वर्षांखालील मुलांना बंदी, १२ वर्षांपर्यंत ९ तास, धोकादायक यंत्रांभोवती कुंपण, अपघाताची खबर देणे बंधनकारक. प्रौढांच्या तासांविषयी त्यात काहीही नव्हते. आणि ९९ माणसांच्या कारखान्यात तेच चक्र उघडे राहिले, तरी कायद्याची हरकत नव्हती.

४/ १८८४ मध्ये दुसरा आयोग बसला, तेव्हा ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांचेच म्हणणे पुढे आणले. सप्टेंबरात परळला सभा झाल्या; निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आज सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याइतकीच महत्त्वाची एक मागणी क्वचितच सांगितली जाते: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जन्माचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी. साप्ताहिक सुटी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्येच निवर्तले होते.

५/ उंबरठा मात्र खाली येत राहिला. १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्यात वीज असल्यास १०, नसल्यास २०.

६/ २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तो वर नेला: वीज असल्यास २०, नसल्यास ४०. लहान उद्योगांवरील कागदपत्रांचा भार हलका व्हावा, हा त्यामागील युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. पण याच जिल्ह्यात वाळूजला ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे हातमोज्यांच्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी ६ कामगार मरण पावले.

७/ मोठ्या कंपन्यांमागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या लहान शेड येतात, हे वाळूजने पाहिले आहे. बिडकीनलाही ते चुकणार नाही. विजेवर चालणाऱ्या, १० ते १९ माणसांच्या अशा शेडना संहितेची सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतील. ‘कारखान्या’साठी असलेल्या खास तरतुदी तेथे लागू नाहीत, अपवाद सरकारने अधिसूचना काढून त्या लागू केलेल्या जागांचा.