घरगुती चित्रतबकड्या व जुने टेलिव्हिजन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, बखरी व मोडी दप्तरें हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु आपल्याच काळांत एक नवें साधन घरोघरीं निर्माण झालें आणि आज तें कपाटाच्या कोपऱ्यांत विस्मृत होऊन पडलें आहे, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. लग्न, मुंज, साठीशांत अशा प्रसंगांचीं हलतीं चित्रें जिच्यावर उतरविलीं गेलीं, त्या चकचकीत तबकडीविषयीं आम्ही बोलत आहों. मोडी कागद वाचण्यास जशी मोडी यावी लागते, तशी ही तबकडी पाहण्यासही एक लिपि लागते. आणि ती लिपि जाणणारीं यंत्रें आतां झपाट्यानें नाहींशीं होत आहेत.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. खाडीपलीकडचें पनवेल मुंबईस जवळ असल्यामुळें येथील सधन घरांच्या कौलांवर अँटेना दिसूं लागण्यास फार काळ लागला नाहीं. १९८२ सालीं चित्रास रंग आला. मागोमाग व्हिडिओ कॅसेट आली व लग्नाचा सोहळा तिच्यावर उतरूं लागला. पण कोंकणच्या दमट हवेंत कॅसेटच्या फितीवर बुरशी चढते. १९९३ सालीं फिलिप्स, सोनी, मात्सुशिता व जेव्हीसी या कंपन्यांनीं ‘व्हिडिओ सीडी’चे नियम ठरविले. युरोप-अमेरिकेनें या तबकडीची उपेक्षा केली. आशियांत मात्र ती स्वस्ताईमुळें घरोघरीं शिरली. एका तबकडीवर सुमारें ७४ मिनिटें मावत. म्हणून एकेक लग्न दोन-तीन तबकड्यांत विभागलेलें आढळतें. संगणकाबरोबर तबकडी लिहिण्याचें यंत्र आलें, तेव्हां हें काम घरींही होऊं लागलें.

येथूनच अडचणींचा आरंभ झाला. नवी तबकडी जुन्या संचावर लावली असतां कधीं चित्र वर सरकत राही, कधीं रंग उडे, कधीं आवाजच नसे. लोक दोष तबकडीस देत. बहुधा तो दोन यंत्रांच्या बेबनावाचा असे. आपल्याकडील संच ‘पाल’ पद्धतीचा. त्यांत ६२५ रेघांचीं पंचवीस चित्रें दर सेकंदास उमटतात. अमेरिकेच्या ‘एनटीएससी’ पद्धतींत रेघा ५२५ व चित्रें सुमारें तीस. न्यू जर्सींतील मुलीनें पाठविलेली नातवाच्या वाढदिवसाची तबकडी पनवेलच्या जुन्या संचावर कृष्णधवल दिसून वर सरकत राहिली, तर त्यांत नवल नाहीं. संचास ती बोली अपरिचित आहे. तबकडी फिरविणाऱ्या यंत्रांत बहुधा ‘पाल’ची योजना असते, ती निवडली कीं पुष्कळदां चित्र ताळ्यावर येतें.

आवाजाचें कोडें याहून सूक्ष्म आहे. जुन्या संचांस अँटेनाखेरीज दुसरें द्वारच नव्हतें. म्हणून तबकडीचें चित्र एका लहानशा प्रक्षेपकांतून, जणूं एखाद्या दूरदर्शन केंद्राप्रमाणें, रिकाम्या चॅनेलवर सोडावें लागे. भारतांत चित्र व आवाज यांच्या लहरींत साडेपांच मेगाहर्ट्झचें अंतर असतें; हाँगकाँगच्या पद्धतींत तें सहा, तर चीनच्या पद्धतींत साडेसहा. परदेशांतून आणलेल्या यंत्रानें चित्र स्वच्छ दाखवावें व सनई मात्र ऐकूं येऊं नये, याचें कारण बहुधा इतकेंच. डोक्यावरील मुंडावळ्या कापल्या जाणें हा तर दोषही नव्हे. कांचेच्या नळीचे संच चित्राची कड मुद्दाम चौकटीबाहेर ठेवीत.

कधीं तबकडी मुळींच वाचली जात नाहीं. घरीं लिहिलेल्या सीडीवर खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो. तो ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणासाठीं बनविलेला आहे. आरंभींच्या कित्येक डीव्हीडी-यंत्रांत केवळ ६५० नॅनोमीटरचा तांबडा किरण होता. त्यास ती तबकडी जवळजवळ कोरी भासे. लिहिणाऱ्यानें शेवटचा ‘समाप्ति’चा संस्कार केला नसेल, तरीही हाच अनुभव येतो. मजकूर शाबूत, वाचक मात्र निरक्षर, असा हा प्रकार आहे.

याचा पूर्वेतिहास मोठा उद्बोधक आहे. १९२७ सालीं लंडनमध्यें जॉन लोगी बेअर्ड यानें ग्रामोफोनच्या तबकडीवर ३० रेघांचें टेलिव्हिजन-चित्र कोरलें. पण तें त्यास स्वतःस समाधानकारक रीतीनें पाहतां आलें नाहीं. एप्रिल १९३३ मध्यें बी.बी.सी.चा ‘लुकिंग इन’ हा कार्यक्रम एका हौशी प्रेक्षकानें घरच्या घरीं ॲल्युमिनियमच्या तबकडीवर उतरविला. पुढें तीस रेघांचे संचच उरले नाहींत. अर्धशतकाहून अधिक काळानें डोनाल्ड मॅक्लीन या ब्रिटिश अभियंत्यानें संगणकाच्या साह्यानें, दोष तबकडीचा कोणता व कोरण्याचा कोणता हें एकेक निवडून, त्या नर्तिका पुन्हां पडद्यावर आणल्या. त्या चित्रांना मरण आलेंच नव्हतें. त्यांचा वाचक तेवढा हरपला होता.

परंतु या दाखल्यानें आपण निश्चिंत होऊं नये. कोरलेली धातूची तबकडी शंभर वर्षें वाट पाहूं शकते; आपल्या सीडीवरचें रंगद्रव्य उन्हानें व उष्म्यानें विटतें, आणि एकदां विटलें म्हणजे कोणाही मॅक्लीनचा इलाज चालत नाहीं. तेव्हां जुन्या संचावर चित्र दिसलें नाहीं एवढ्यावरून तबकडी टाकून देणें हा जसा अविचार, तसाच ती तशीच कपाटांत ठेवून देणें हाही. जोंवर एखादें यंत्र ती वाचीत आहे, तोंवर तिची नक्कल संगणकावर करून घ्यावी व प्रसंग आणि माणसें यांचीं नांवें शेजारीं लिहून ठेवावीं. दप्तरें जाळून कोणी नष्ट केलीं त्यांपेक्षां कोणी वाचलीं नाहींत म्हणून नष्ट झालेलीं अधिक असतील. मांडवांत अक्षता टाकणारी जी आजी आज हयात नाहीं, तिची चालण्याची ढब व तिचा आवाज त्या तबकडीखेरीज दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत नोंदलेला नाहीं.