पान्याची दांडी आणि पदवीचे दार

आमच्या औशाच्या वस्तीतली पोरे आयटीआयला का जातात आणि आयटीआयच्या पुढे का जात नाहीत, हे प्रश्न दोन दिसतात; त्यांचा इतिहास एकच आहे.

ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी लिनलिथगोंना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या पोरांना उमेदवारी द्या, ही मागणी होती. पण तिच्याआधी विज्ञानाच्या आणि तंत्राच्या उच्च शिक्षणासाठी, अगदी परदेशी जाण्यासाठीसुद्धा, शिष्यवृत्त्यांची मागणी होती. हात आणि विद्यापीठ, दोन्ही एकाच कागदावर होते. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती या खटपटीतून.

पुढे १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना आली, १९६१ चा उमेदवारी कायदा आला. कारखान्याला कारागीर हवा होता, तो मिळाला. त्या कारागिराला उद्या इंजिनिअर व्हावेसे वाटले तर? याचा विचार ही योजना आखणाऱ्यांना करावासा वाटला नाही. मला तरी ही नुसती विसर वाटत नाही. ज्या समाजाने हजारो वर्षे हात एकाचे आणि ग्रंथ दुसऱ्याचा अशी वाटणी केली, त्याला ही वाटणी खटकणार कशी?

मराठवाड्यात तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी होती. वरचे शिक्षण उर्दूत, आणि त्यासाठी हैदराबाद गाठायचे. १९५० साली औरंगाबादला मिलिंद निघाले म्हणून आमच्यातला पहिला पदवीधर दिसला. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली आले, तेही औरंगाबादलाच. औशाहून तीनशेच्या आसपास किलोमीटर. माझा थोरला भाऊ तिकडे वसतिगृहात होता. जुलै १९७८ मध्ये नामांतराचा ठराव झाला, वस्त्या पेटल्या, तो घरी आला. परत गेला नाही.

मी १९८४ साली फिटर झालो. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग डोळ्याने टिपत होतो. पदविकेसाठी एका तंत्रनिकेतनात गेलो, तर खिडकीतल्या बाबूने माझे प्रमाणपत्र परत सरकवले. "हे इथं चालत नाही. दहावीचे मार्क सांगा." दोन वर्षे शून्य धरून पहिल्या वर्षाला बसलो. पान्याची दांडी लांब धरली की घट्ट नट सुटतो, हे माझ्या हाताला ठाऊक होते. तेच पुस्तकात 'मोमेंट ऑफ फोर्स' होऊन इंग्रजीत आले, तेव्हा मी नापास झालो. दुसऱ्यांदा फी भरायला बाकडे पैसे नव्हते.

आता आयटीआयवाल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश आहे, पदविकेवरून पदवीच्याही. ही लढून मिळालेली गोष्ट आहे, ती कमी लेखू नये. पण पहिल्या वर्षाचे गणित न शिकता पोरगा तिसऱ्या सत्राच्या गणितासमोर उभा राहतो, आणि ते मधले वर्ष त्याला शिकवायचे कोणी, हा प्रश्न उरतोच.

शिवाय जात पडताळणी. २००० च्या कायद्यानंतर आरक्षित जागेसाठी ती लागतेच, आणि तिला पुरावे हवेत १९५० च्या आधीचे. माझ्या बापाच्या बापाला शाळेच्या ओट्यावर बसू दिले नव्हते; त्याचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? पुतण्याच्या प्रवेशासाठी आम्ही महिनाभर हिंडलो. शेवटी एक जुनी नक्कल हाती लागली, ती उर्दूत. गावातल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवले आणि आमच्या आजाचे नाव मोठ्याने वाचले. पुढे जात वाचली. शिक्षणाच्या खान्यात काही नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, हे चालंल का?" प्रवेशाला तेव्हा चार दिवस उरले होते.