लोखंडाची नाडी

आगगाडी थांबली की एक कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकाचाकावर ठोके मारीत जाई. चाक खणखणले तर धड, बद्द वाजले तर तडा. लोखंडाची ही नाडीपरीक्षाच होती. जो भार लोखंड एकदा सहज सोसते, तोच लाखो वेळा पडला म्हणजे ते थकते, हे ऑगस्ट व्योलर या जर्मन इंजिनियराने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले.

समुद्रात हा थकवा फार. कारण लाटेला रजा नसते. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किएलँड’ हा तरंगता मंच उलटला. तेलक्षेत्रातील कामगारांचे ते वसतिस्थान होते. २१२ पैकी १२३ जण गेले. पाच पायांपैकी एक तुटला होता. तड्याचा उगम निघाला एका लहानशा वेल्डिंगात. आणि ते वेल्डिंग होते पाण्यातील आवाज टिपणारे यंत्र बसविण्यासाठी! तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे तडा बांधणीच्या वेळेपासूनचा. कान बसविला, पण तडा कोणी ऐकला नाही.

आपल्या समुद्रातही १७ मे २०२१ रोजी, तौक्ते वादळात, ‘पी-३०५’ हा कामगारांच्या वस्तीचा तराफा नांगर तुटून भरकटला व बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरांहून अधिक दगावली. वादळाची सूचना आधी मिळालेली होती.

आता तरंगत्या पवनचक्क्यांचे युग आले आहे. स्कॉटलंडजवळ २०१७ साली अशा पाच चक्क्या, एकूण ३० मेगावॉटच्या, साखळ्यांनी नांगरून उभ्या राहिल्या. अशा चक्क्यांचा कंप, झुकाव, साखळ्यांवरील ताण यंत्रे अहोरात्र मोजू शकतात. त्या पाचांच्या नोंदींवरून मोठ्या दुरुस्तीची गरज दिसली, तेव्हा २०२४ साली त्या ओढून नॉर्वेच्या बंदरात नेण्यात आल्या. नोंद झाली, ती वाचली गेली, आणि काम थांबविण्यात आले. खरी प्रगती ती हीच.

सालवडच्या आसपासच्या कारखान्यांत संघटनेचे काम करताना आम्ही एक गोष्ट शिकलो. एका कारखान्यात पंप थरथरतो असे कामगाराने तीनदा तोंडी सांगितले. चौथ्या वेळी पंपच फुटला. दैवाने माणसे वाचली. तेव्हापासून आमची पहिली मागणी पगाराची नसते, नोंदवहीची असते. आणि ती वही कामगारालाही वाचता आली पाहिजे. उद्या आपल्या किनाऱ्यासमोर चक्क्या तरंगू लागल्या, तर त्यांवर चढणाऱ्या पोरांसाठीही आम्ही हेच मागू.

यंत्र तडा ऐकेल. पण काम थांबवा, असे माणसानेच म्हणावे लागते.