वजनाची पावडर आणि गटाचे कर्ज

देवळ्याहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय.

मागच्या बैठकीत एका ताईंनी तीन हजारांचे अंतर्गत कर्ज मागितले. कशाला, तर वजन कमी करायच्या पावडरीला. कोणी हसले नाही. बाळंतपणानंतर सुटलेले अंग, दुखणारे गुडघे, घरच्यांचे टोमणे आपल्याला नवीन नाहीत. पण पैसा सगळ्यांचा, म्हणून म्हटले, आधी माहिती काढू. जे कळले ते सांगतो.

झटपट बारीक होण्याचा नाद जुना आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळा कारखान्यांत डीएनपी नावाचे रसायन वापरत. ते अंगात गेलेल्या कामगारांचे वजन घटायचे, काही जण दगावलेही. तरी 1933 नंतर अमेरिकेत त्याच्या गोळ्या विकल्या गेल्या. वजन खरेच उतरले, पण कित्येकांना मोतीबिंदू झाला, काहींचा जीव गेला. 1938 मध्ये त्या बंद झाल्या. 1997 मध्ये फेनफ्ल्युरामिन हे औषध हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून अमेरिकेच्या बाजारातून काढले. सिब्युट्रामिनवर आपल्या देशात 2011 मध्ये बंदी आली, कारण हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका. पुढेही 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या कॅप्सुलांमध्ये हेच औषध लपवलेले अमेरिकेच्या सरकारी तपासणीत सापडले.

आपल्याकडे 1954 पासून एक कायदा आहे. औषधाने अमुक आजार बरा होतो अशी जाहिरात काही आजारांबाबत करता येत नाही. त्या यादीत लठ्ठपणाही आहे. मग पावडर कशी विकतात? औषध म्हणून नाही, पूरक आहार म्हणून. अशा डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' हे छापावे लागते. ते बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते. घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या.

मग आहार आणि चालणे तरी उपयोगी पडते का? अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला, निकाल 2002 मध्ये आला. कमी खाणे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालणे, यामुळे मधुमेह होण्याचा धोका 58 टक्क्यांनी घटला. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचा 31 टक्क्यांनीच. चेन्नईच्या 2006 च्या अभ्यासात आहार-व्यायामाचा फायदा गोळीइतकाच निघाला. दोन्ही एकत्र केल्याने जास्त काही मिळाले नाही. अलीकडे आलेली इंजेक्शने वजन उतरवतात हे खरे. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायची औषधे, महागडी, आणि बंद केल्यावर वजन बरेचसे परत येते.

एक ताई म्हणाल्या, "आम्ही तर शेतात राबतो, मग वजन का वाढते?" प्रश्न बरोबर आहे. कांद्याची लागण चालू असते तेव्हा कंबर मोडते, पण ती काही आठवडेच. जाते गेले, गिरणी आली. हंडे गेले, नळ आला. त्याचे वाईट वाटायचे कारण नाही. पण दिवसाला पाच वेळा साखरेचा चहा, बरोबर खारी-बिस्कीट, उपवासाला साबुदाणा, हे त्याच काळात वाढले. 72 च्या दुष्काळात सुकडी आणि लाल मिलो खाऊन जगलेल्या आपल्या आयांना वजन वाढेल याची भीती नव्हती. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून अभ्यास केला. जन्मतः आपली बाळे हलकी, तरी अंगात चरबीचा वाटा जास्त, असे दिसले. म्हणजे बारीक दिसणाऱ्या बाईनेही साखर तपासावी.

बैठकीत आम्ही कोणाला दोष दिला नाही. ताईंनी अर्ज मागे घेतला. आधी रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासायचे ठरवले. त्या तपासणीला पैसे कमी पडले, तर कर्ज गट नक्की देईल. संध्याकाळी आम्ही सहा जणी शिवाराच्या रस्त्याने अर्धा तास चालतो. ताटात बाजरीची भाकरी, मेथी आहेच. चहा दोनदाच आणि साखर अर्धी.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असे कर्ज मागितले गेले, तर नाही म्हणण्याआधी त्या बाईच्या शेजारी बसा. डबा सगळ्यांनी मिळून वाचा.